समुद्र गेलाय, येईल

रथसप्तमी झाली आणि आम्ही निघालो. त्याआधी निघणं शक्य नव्हतं. पौष वद्य पंचमीला अण्णांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सणवार नव्हते, मग प्रवासाचं नाव कोण काढणार?

त्या वर्षात जुनी इंदूर भागातल्या आमच्या घरी तिथीला एकच अर्थ उरला होता. दर महिन्याची वद्य पंचमी. आई आठ दिवस आधीपासून कॅलेंडरसमोर उभी राहायची. पंचमी होऊन गेली की मधले दिवस तिच्या लेखी नुसते पुढच्या पंचमीकडे जाण्यापुरते असायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर पुस्तकांत असते, संध्याकाळी घरी येते. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून गप्प बसायचो. अशी सवय लागली की ती मोडणं अवघड जातं.

मोडली आईनेच. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "मला समुद्र बघायचाय."

माझा धाकटा भाऊ सुनील समोर बसला होता. तो बँकेत आहे आणि कोणत्याही प्रश्नाला त्याच्याकडे तिकीट हे उत्तर असतं. त्याने लगेच मोबाइल काढला. "विमानाने जाऊ. दोन तासांत समुद्र."

"नुसता बघायचा नाहीये. पाय घालायचेत त्यात."

"घालू की."

"आणि कुणी उचलून न्यायचं नाही. चाकाच्या खुर्चीत तर नाहीच. मी काय पार्सल आहे?"

अडचण इथेच होती. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. घरात ती काठी घेऊन फिरते, पण वाळूत काठी रुतते. हॉटेलचे जिने तिला नकोत, आणि रात्री उठली की कमोड चार पावलांवर हवा. अण्णांनी हा समुद्र आयुष्यभर पुढे ढकलला होता. तरुणपणी कचेरीच्या कामाने ते एकदा मुंबईला गेले होते. आईने विषय काढला की म्हणायचे, "तिथे काही नसतं गं. नुसतं पाणी." आणि मग थोड्या वेळाने, पेपरातून मान न काढता, "आवाज मात्र छान येतो."

राजवाड्याच्या मागे राहणाऱ्या दिलीप भियांनी एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीचं घर केलं आहे, हे सुनीलला कुठूनसं कळलं. ते गाडी घेऊन दारात आले. आईने बाहेरून एक फेरी मारली, मग घरातला लाकडी पाट मागवला, तो पायरीखाली ठेवून आत चढली. आत पलंग, एका शेगडीचा ओटा, छोटा फ्रिज आणि दाराआड कमोड.

"माँजी, पूरा घर है," दिलीप भिया म्हणाले. "बस आंगन नहीं है."

"आंगन कुठे मिळेल मग?"

"वो समंदर के किनारे देख लेंगे. आजकल वहाँ ऐसी गाड़ियों के पार्क बन गए हैं. बिजली, पानी, सब देते हैं."

सुनीलने अशा तीन जागा शोधून ठेवल्या, तिन्ही अलिबागच्या पुढे, एकमेकींपासून जवळ. तो आधीच पैसे भरणार होता. आईने भरू दिले नाहीत. "भाजीसुद्धा आपण बघून घेतो," ती म्हणाली. "समुद्र न बघता घ्यायचा?"

अष्टमी आणि नवमी

घरासकट प्रवास करण्यातली मजा मानपूरपर्यंत येता येता कळली. आईला चालत्या गाडीत चहा करायची हौस आली. मानपूर सोडून घाट लागला, आणि पहिल्याच वळणावर दुधाचं पातेलं ओट्यावरून निघालं ते थेट सुनीलच्या बुटांत.

"भिया, जरा धीरे," सुनील पाय वर धरून म्हणाला.

"मैं तो धीरे ही हूँ भिया, घाट तेज है."

त्यानंतर चहा गाडी उभी असतानाच करायचा, असा नियम झाला. एक रात्र धुळ्याच्या अलीकडे, एक नाशिकजवळ. दोन्ही ठिकाणी आईने कचऱ्याच्या दोन पिशव्या घेऊन आधी चौकशी केली की गीला कुठे आणि सूखा कुठे. इंदूरमध्ये सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की आम्ही दोन डबे घेऊन उभे राहतो, ती सवय बाहेरगावीही सुटत नाही. धुळ्याच्या ढाब्यावरचा माणूस दोन्ही पिशव्या हातात धरून बराच वेळ आमच्याकडे बघत होता.

दशमी

पहिली जागा आम्ही गाठली ती दुपारी, जेवणं आटोपून. नारळाची वाडी, बुंध्यांच्या मधे सपाट केलेली तीन गाड्यांपुरती जमीन, प्रत्येक ठिकाणी विजेचा खांब आणि नळ. वाडीच्या टोकाला चिऱ्यांच्या कुंपणाचा बुटका गडगा, त्याला खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. बाजूला लोखंडी कठडाही होता. आईने कठडा हलवून बघितला. हलला नाही. ती खूश झाली.

मग आम्ही गडग्यापलीकडे पाहिलं.

पायऱ्यांखालचा वाळूचा पट्टा सोडला तर समोर चिखल होता. करडा, ओला, चमकणारा चिखल आणि त्यात एका अंगावर कललेल्या दोन होड्या. त्यापलीकडे आणखी चिखल. फार लांब एक पांढरी रेघ दिसत होती, ती पाण्याची असावी असं आम्ही धरून चाललो.

"समुद्र कुठाय?" सुनीलने विचारलं.

वाडीची मालकीण रजनीताई आमच्यामागे येऊन उभी होती. साठीची, कमरेला पदर खोचलेली, हातात कोयता. "गेलाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"गेलाय आता. येईल सांजचा."

आई, सुनील आणि दिलीप भियांनी एकमेकांकडे पाहिलं. ही नजर मला ओळखीची होती. राजवाड्याच्या बाजारात आपल्याला हव्या त्या रंगाची साडी दुकानात नसली की दुकानदार असंच सांगतो. बैठो भिया, माल शाम को आ रहा है. चहा मागवतो, गप्पा मारतो, आणि संध्याकाळी भलत्याच रंगाची साडी आपल्या पिशवीत घालतो. अशा दुकानातून हसतमुखाने कसं उठायचं, हे आम्ही लहानपणापासून शिकलेलो असतो.

"बरं बरं," आई गोड आवाजात म्हणाली. "आम्ही जरा पुढे बघून येतो."

"बघा की. पण तो येतो, बरं का."

"हो, हो. येईलच."

गाडीत बसल्यावर दिलीप भिया म्हणाले, "माँजी, समंदर भी उधार का निकला."

भरती-ओहोटीवरची पुस्तकं मी आमच्या ग्रंथालयाच्या कपाटात स्वतः लावलेली आहेत. चंद्र, आकर्षण, सगळं वाचलेलं. पण आमच्याकडचं पाणी तलावाचं किंवा नर्मदेचं. ते पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात घटतं, दुपारच्या जेवणानंतर उठून जात नाही. त्या क्षणी मलाही वाटलं, ही बाई आपल्याला चिखल विकते आहे.

दुसरी जागा सुरूच्या बनात होती. पोहण्याचा हौद, रंगीत दिवे, आणि भर दुपारी मोठ्याने लावलेली गाणी. तिथून किनारा दिसत नव्हता, मधे भुसभुशीत वाळूची टेकाडं होती. तरीही सुनील तिथे राहायला तयार होता, कारण तिथे पिझ्झा मिळत होता. आईने पिशव्या पुढे केल्या. तिथल्या तरुण मॅनेजरने बनामागे बोट दाखवलं. आई काठी टेकत तिकडे गेली, बघून आली आणि गाडीत चढली.

"चला," ती म्हणाली.

"काय झालं, आई?"

"मागे उकिरडा केलाय. अशा लोकांचं पाणी पण नको."

तिसरी जागा टेकडीवर. तिथून समुद्र दिसत होता, इतका की डोळे दिपले. खडकात खोदलेला जिना खाली उतरत होता आणि त्याचा शेवट दिसत नव्हता. ऊन कलत होतं, दुसरीकडे जायला त्राण नव्हतं. राहिलो. वारा असा की गाडी पाळण्यासारखी हलत होती. आईने बाहेर वाळत घातलेली साडी उडाली आणि करवंदीच्या जाळीवर जाऊन बसली. ती काढताना दिलीप भियांच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. आई बराच वेळ खुर्चीवर बसून समोर बघत राहिली.

"छान आहे," शेवटी म्हणाली. "फोटोसारखं आहे."

फोटोत पाय घालता येत नाहीत, हे तिने म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं.

एकादशी

सकाळी मी दात घासत कड्याच्या कठड्याशी गेले आणि ब्रश तोंडातच राहिला. खालची खाडी काठोकाठ भरली होती. चिखल कुठेच नव्हता. कालच्या कललेल्या होड्या सरळ होऊन डुलत होत्या. डावीकडे नारळाच्या वाडीचा गडगा ओळखू येत होता आणि पाणी त्याच्याकडे तोंड करून उभं होतं.

मी सुनीलला हाक मारली. तो आला, बघितलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "ती बाई खरं बोलत होती."

आईला सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग आपण इथे काय करतोय?"

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा पाणी परतायला लागलं होतं. रजनीताई पडलेल्या झावळ्या ओढत होती. आम्हाला पाहून हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"उशीर केलात," म्हणाली. "आज एकादशी. सव्वाआठलाच भरली."

आईने पाटावरून उतरता उतरता मान वर केली. "एकादशीचा आणि समुद्राचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? तिथीची पाऊणपट करायची. येईल तेवढे वाजता भरती. सकाळी तीच, रात्री तीच. शुद्ध असो की वद्य."

आई जागच्या जागी थांबली. तिचे ओठ हलायला लागले. तिच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पाठ केलेले. पुढे आयुष्यात पावकी भाजीवाल्याशी कामी आली, निमकी दूधवाल्याशी. पाऊणकीचा उपयोग मात्र कधी झाला नव्हता.

"अकरा पाऊण सव्वाआठ," आई म्हणाली. "बरोबर. उद्या बारा पाऊण नऊ."

"नऊला," रजनीताई म्हणाली.

"परवा पावणेदहा."

"तुम्ही तर आमच्यातल्याच निघालात."

इतक्या वर्षांत आईची पाठ कोणी थोपटली नव्हती, निदान पाऊणकीबद्दल नाही. तिने गाडीतून फरियाली मिक्सचरचा डबा काढून रजनीताईपुढे धरला. बटाट्याच्या सळ्या, शेंगदाणे, वर साखर आणि तिखट.

"हे उपासाला चालतं तुमच्यात?"

"आमच्यात उपास यासाठीच करतात," सुनील म्हणाला.

रजनीताईने उकडलेली रताळी आणि शहाळी आणून दिली. मग दोघी पायरीवर बसून समुद्राची पाठ बघत राहिल्या. आईने विचारलं, "पाणी या पायरीपर्यंत येतं का?"

"पौर्णिमेला येतं. खालच्या पायरीला लागतं. आज त्या खुंट्यापर्यंतच होतं." तिने होडी बांधायच्या खुंट्याकडे बोट केलं. "रोज थोडं थोडं पुढे येईल. तुम्ही नुसतं बसायचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सुनीलकडे पाहिलं. सुनीलने कपाळाला हात लावला. त्याची रजा संपत होती. पौर्णिमेला पहाटे निघालो तरच तो वेळेवर बँकेत पोचणार होता. म्हणजे समुद्र पायरीला लागणार त्या सकाळी आम्ही घाटात असणार.

"एक दिवस वाढवून घे," मी म्हटलं.

त्याने साहेबांना फोन लावला. दूर झाडाखाली जाऊन बोलला. परत आला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. आईने त्याला बोलू दिलं नाही. "असू दे," ती म्हणाली. "चतुर्दशीपर्यंत जेवढा येईल तेवढा."

द्वादशी, त्रयोदशी

हे दोन दिवस मला पुन्हा हवे आहेत.

सकाळी रजनीताई पोहे पाठवायची. ओलं खोबरं घातलेले, पांढरेशुभ्र. सुनीलने पहिल्या घासाला घरून आणलेली शेव आणि जिरावण काढलं. तो मसाला वर भुरभुरल्याशिवाय इंदूरच्या माणसाला पोहे खाल्ल्यासारखे वाटत नाहीत. दुपारी त्याने सोलकढीतही शेव घातली. रजनीताई वाढता वाढता थांबली.

"कढीत फरसाण?"

"भाभीजी, ये तो आइसक्रीम पे भी डालते हैं," दिलीप भियांनी खुलासा केला.

तिने चमचाभर चाखून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना शेवेचा डबा तिच्या बाजूला होता.

कचऱ्याचाही निकाल लागला. गीला नारळाच्या आळ्यात, सूखा गावच्या गाडीत. आईने आळ्यात वाकून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

पण सगळा दिवस भरतीभोवती फिरायचा. द्वादशीला नऊच्या आधी आई वेणी घालून तयार. खालच्या पायरीवर पाट, पाटावर आई, हातात काठी. पाणी खुंटा ओलांडून आलं, पांढऱ्या शिंपल्यांच्या ओळीशी थबकलं आणि वळलं. आईने काठीच्या टोकाने पाण्याला शिंपल्यांच्या अलीकडची वाळू दाखवली, जशी ती मोलकरणीला राहिलेला कोपरा दाखवते. "उद्या इथे ये," म्हणाली.

त्रयोदशीला ते शिंपल्यांच्या अलीकडे आलं. आता लाटेचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. फुटायच्या आधी क्षणभर शांत आणि मग लांबवर ओढल्यासारखा.

"अण्णा म्हणायचे, आवाज छान येतो," मी म्हटलं. वर्षभरात मी त्यांचं नाव आपणहून काढलेलं हे पहिल्यांदाच असावं.

"म्हणायचे," आई म्हणाली. "आणि काही नसतं म्हणायचे. मला तेव्हाच कळायचं की खूप काही असणार. त्यांना गर्दीत जायचा कंटाळा." ती हसली. "नर्मदेत सोडलं ना आपण त्यांना खेडीघाटला. ती इकडेच येते शेवटी. कंटाळा करून कुठे जाणार?"

सुनील हे ऐकत मागे उभा होता. तो एकदम खाली उतरला आणि पँटसकट पाण्यात शिरला. आई ओरडली, की मोबाइल खिशात आहे. होता. दिलीप भियांनी तो तांदळाच्या डब्यात पुरला. संध्याकाळी चालू झाला, पण स्पीकरमधून त्यानंतर जो आवाज येतो तो लाटेसारखाच येतो.

चतुर्दशी

साडेदहाची भरती. त्या दिवशी पायरीवर सगळेच होते. रजनीताईसुद्धा कोयता ठेवून येऊन बसली.

पाणी येत गेलं. शिंपले गेले, कालची खूण गेली. एक लाट पायरीच्या इतक्या जवळ आली की सुनील उभा राहिला. फेस पसरला, वाळूवर बुडबुडे फुटले आणि पाणी मागे सरलं. पुढची लाट तिथेच. तिच्या पुढची थोडी मागे. खालची पायरी आणि पाण्याची कड यांच्यामध्ये एक आडवी सतरंजी मावेल एवढी वाळू कोरडी ती कोरडीच राहिली.

रजनीताईने घड्याळ बघितलं नाही, पाण्याकडेच बघितलं. "आज एवढंच," ती हळू म्हणाली. "उद्या लागलं असतं."

सुनील आईकडे वळला. "आई, मी हात धरतो. किंवा मी आणि भिया मिळून खुर्ची—"

"गप बस," आई म्हणाली.

ती समोर बघत होती. मला वाटलं, डोळे पुसेल. तिने चप्पल काढली.

"पाट पुढे टाक," ती मला म्हणाली.

"आई, वाळू भुसभुशीत आहे."

"म्हणूनच पाट टाक. गाडीत चढताना टाकतेस तसा. त्याच्यापुढे ओलं आहे, ते घट्ट असतं. चार दिवस तेच बघत बसलेय मी." मग कठडा धरून ती उठली. "एवढ्या लांबून रोज थोडा थोडा आलाय तो. राहिलेलं आपण जायला नको?"

मी पाट कोरड्या वाळूवर ठेवला. आईने त्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा. पाट जरासा खचला आणि थांबला. मी एका बाजूला होते, तिला हात न लावता. सुनील दुसऱ्या बाजूला, त्याचे दोन्ही हात हवेत. तिने काठी ओल्या वाळूत रोवली. ती रुतली नाही. आई पाटावरून उतरली, एक पाऊल, मग आणखी एक, आणि उभी राहिली.

मागे सरलेली लाट पुन्हा आली. आधी तिची बोटं, मग घोटे. साडीच्या काठाला फेस लागला.

"गार नाहीये," आई म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "पायाखालून वाळू ओढतंय. गुदगुल्या होतात. हे त्यांनी सांगितलं नाही."

ती हसायला लागली. रजनीताई हसली, दिलीप भिया पायरीवर बसून हसत होते आणि सुनील, ज्याचे हात अजून हवेतच होते, तो रडत होता. मी काय करत होते ते मला आठवत नाही. माझा पदर ओला झाला होता एवढं खरं.

वद्य पंचमी

घरी परतल्याला काही दिवस झाले होते. सकाळी मी ग्रंथालयात जायला निघाले नाही. पंचमी होती, आणि आईला त्या दिवशी एकटं ठेवायचं नाही असं मी वर्षभर पाळत आले होते. सुनीलही बँकेतून लवकर आला.

दुपारी आई कॅलेंडरसमोर उभी राहिली. जिरावणाच्या बरणीशेजारी तिने तिथून आणलेला एक शिंपला ठेवला आहे, तो मी उगाच सरळ केला.

"आज पंचमी," आई म्हणाली.

"हो."

तिचे ओठ हलले. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच पाऊण पावणेचार. आता भरत आला असेल. चहा टाक."

मी चहा टाकला. एरवी आई गुडघ्यांसाठी पाय स्टुलावर घेऊन बसते. त्या दिवशी तिने स्टूल बाजूला सारलं आणि पावणेचार होईपर्यंत पाय खाली सोडून बसली.